छोटा धंदा परदेशात न्यायचाय, पण सुरुवात नक्की कुठून करायची? जर्मनीहून चौकशी आलीये

लाकडी_कोडी:

नमस्कार मंडळी. आमचं सहा जणांचं छोटं वर्कशॉप आहे, लाकडी जिगसॉ कोडी आणि टेबलावर पेन, कागद, मोबाईल ठेवायचे ऑर्गनायझर बनवतो. आत्तापर्यंत सगळा माल देशातच विकला, परदेशात कधी एक तुकडापण पाठवला नाही. मागच्या आठवड्यात जर्मनीतल्या एका छोट्या दुकानदाराचा मेल आला, त्याला आमची वेबसाइट सापडली, म्हणतो दोन डिझाइनची प्रत्येकी दीडशे कोडी आणि साठ ऑर्गनायझर हवेत, डीडीपी रेट द्या. आता हे डीडीपी काय ते मी मेल वाचल्यावर शोधलं, तेव्हा कळलं की त्याच्या दारापर्यंत सगळा खर्च माझ्या अंगावर.

तेवढ्यात एका कन्सल्टंटचा फोन आला, ते म्हणतात आम्ही तुम्हाला 'ग्लोबल' करून देतो, बारा देशांचं पॅकेज आहे, आधी फी भरा. रक्कम आमच्यासाठी मोठी आहे. घरी चर्चा चालू आहे, भावाचं म्हणणं भरून टाकू, मला धाकधूक वाटते.

माझे प्रश्न सरळ आहेत. छोट्या धंद्याला खरोखर उपयोगी पडतील अशी माहितीची ठिकाणं कुठली आणि त्यातलं फुकट काय मिळतं? डीडीपी द्यायचं की नाही? पैसे बुडणार नाहीत हे कसं बघायचं? आणि आमच्या ब्रँडचं नाव बाहेर कुणी ढापलं तर काय? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज लिहा, अगदी बेसिकपासून लिहिलंत तरी चालेल.

कंटेनरवाला:

मी फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशात पोचवायच्या धंद्यात, चौदा वर्षं आहे म्हणून आधी हेच सांगतो, पॅकेजचे पैसे आत्ता भरू नका. बारा देश एकदम कुणालाच जमत नाहीत, सहा माणसांच्या वर्कशॉपला तर नाहीच नाही. तुमच्याकडे एक देश आणि एक खरा माणूस स्वतःहून आलाय, त्याच्यावर काम करा.

पहिली गोष्ट, एचएस कोड. वस्तू कुठली ते सांगणारा हा सहा आकडी कोड वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनने ठरवलेला आहे, जगातले २०० च्या वर देश आणि प्रदेश तोच वापरतात. ड्युटी किती, नियम कुठले, सवलत मिळते का, कुठली कागदपत्रं, सगळं या कोडला बांधलेलं असतं. कोड न ठरवता गूगलवर कितीही शोधा, उत्तरं गोल गोल मिळत राहतात. सहा आकड्यांच्या पुढे प्रत्येकजण आपले आकडे जोडतो, युरोपियन युनियन आठ आणि आयातीसाठी दहा, अमेरिका दहा.

तुमची कोडी ९५०३ मध्ये जातील, तिथे खेळणी आणि सगळ्या प्रकारची कोडी एकत्र आहेत. ऑर्गनायझरचं मात्र जरा विचार करायला लावणारं आहे, लाकडी शोभेच्या आणि छोट्या वस्तू ४४२० आणि लाकडाच्या बाकीच्या वस्तू ४४२१, यात वाद होऊ शकतो. स्वतःच्या मनाने ठरवून मोकळे होऊ नका. युरोपात 'बाइंडिंग टॅरिफ इन्फर्मेशन' म्हणून लेखी निर्णय मिळतो, तो तीन वर्षं सगळ्या सदस्य देशांत चालतो. आयात करणार तो तुमचा जर्मन माणूस, तर त्यालाच अर्ज करायला सांगा. तीनशेसाठ नगांच्या पहिल्या ऑर्डरला कदाचित गरज नाही पण पुढे वाढलं तर आत्ताच केलेलं बरं.

आता डीडीपी. इन्कोटर्म्स म्हणजे खर्च आणि जोखीम कुठपर्यंत विक्रेत्याची आणि कुठून खरेदीदाराची हे ठरवणारे पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे नियम, सध्याची आवृत्ती २०२० ची आणि त्यात एकूण ११ टर्म्स आहेत. एका टोकाला एक्सडब्ल्यू, म्हणजे माल माझ्या दारात पडलाय घेऊन जा, दुसऱ्या टोकाला डीडीपी. डीडीपीमध्ये तिकडची ड्युटी आणि आयातीचा व्हॅट तुम्ही भरता, आणि खरा लोचा हा की तिकडे आयातदार म्हणून उभं राहायचं तर तुम्हाला ईओआरआय नंबर, म्हणजे युरोपच्या कस्टम्सकडचा ओळख नंबर लागतो, युरोपात ऑफिस नसलं तर तुमच्या वतीने डिक्लेरेशन करणारा तिकडचा प्रतिनिधी लागतो, आणि भरलेला व्हॅट परत घ्यायचा तर तिथे व्हॅट रजिस्ट्रेशन. जर्मनीचा स्टँडर्ड व्हॅट १९ टक्के आहे. दुकानदाराने स्वतः आयात केली तर तो हा व्हॅट आपल्या हिशोबात वळता करून घेतो, त्याला तो खर्च पडतच नाही. तुम्ही डीडीपीत भरलात आणि रजिस्ट्रेशन नसलं तर १९ टक्के गेले.

म्हणून त्याला सरळ लिहा, आम्ही एफसीए किंवा डीएपी देतो. एफसीए म्हणजे तुमच्या बाजूचं एक्सपोर्ट क्लिअरन्स करून ठरलेल्या ठिकाणी त्याच्या कॅरिअरला माल दिला की तुमची जबाबदारी संपली. डीएपी म्हणजे त्याच्या दारापर्यंत भाडं तुमचं, ड्युटी आणि व्हॅट त्याचा. टर्मच्या पुढे जागेचं नाव पूर्ण लिहा, नुसतं 'एफसीए' लिहिलेलं कोटेशन म्हणजे भांडणाला आमंत्रण. आणि एक्सडब्ल्यू सोपं दिसतं म्हणून देऊ नका, त्यात एक्सपोर्ट क्लिअरन्स परदेशातल्या खरेदीदाराच्या गळ्यात पडतं जे तो नीट करू शकत नाही, मग तुमच्याकडे माल खरंच बाहेर गेल्याचा पुरावा राहत नाही. अजून एक, इन्कोटर्म्समध्ये पैसे कधी द्यायचे आणि मालकी कधी बदलते हे कुठेच नसतं, ते करारात वेगळं लिहावं लागतं. निम्म्या लोकांना हे माहीत नसतं.

भाड्याचा हिशोब करताना वजन नाही, आकारमान बघा. एक्सप्रेस कुरिअरवाले बहुतेक लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले ५००० करतात आणि जे जास्त येईल ते लावतात. ४० बाय ४० बाय ३० चा खोका घ्या, ९.६ किलो आले. तुमचे ऑर्गनायझर आतून पोकळ, खोका काट्यावर चार किलो भरला तरी बिल ९.६ चंच येणार. सुटे भाग सपाट रचून पाठवता आले तर बघा, त्यात जेवढे वाचतील तेवढे घासाघीस करून पण वाचणार नाहीत.

आणि खोका किंवा पॅलेट कच्च्या लाकडाचा असेल तर आयएसपीएम १५ चा (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का हवाच, म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं किंवा मान्य पद्धतीने धुरी दिलेलं. प्लायवूडला हे लागत नाही. तुमचं काम लाकडाचंच, त्यामुळे उरलेल्या फळ्यांचा खोका ठोकून देऊ असं कुणीतरी नक्की म्हणेल, देऊ नका, बंदरावर अडकलेला माल मी डोळ्यांनी पाहिलाय.

कागदपत्र_ताई:

वरचं सगळं बरोबर. पण भाड्याच्याही आधी एक प्रश्न आहे आणि छोटे उत्पादक नेहमी इथेच अडकतात, तुमची वस्तू तिकडच्या कायद्यात 'खेळणं' आहे का?

युरोपात १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायला म्हणून बनवलेली कुठलीही वस्तू खेळणं धरतात आणि मग सीई मार्क (युरोपचे नियम पाळल्याची खूण), टेक्निकल फाइल, डिक्लेरेशन ऑफ कन्फर्मिटी (वस्तू नियमांत बसते असं लेखी घोषणापत्र) हे सगळं उत्पादकाकडे असावं लागतं, म्हणजे तुमच्याकडे, दुकानदाराकडे नाही. कोड्यांच्या बाबतीत गंमतीची तरतूद आहे, ५०० पेक्षा जास्त तुकड्यांची कोडी खेळणी धरली जात नाहीत. तुमची किती तुकड्यांची आहेत ते लिहा, अर्धं उत्तर तिथेच आहे.

खेळणं ठरलं तर ईएन ७१ ही स्टँडर्ड्सची मालिका बघायची. पहिला भाग यांत्रिक सुरक्षितता, म्हणजे टोकं, सुटणारे छोटे भाग, घशात अडकेल का. दुसरा आग लागण्याबद्दल. तिसरा रंग आणि पॉलिशमधून शिसं, कॅडमियम वगैरे सुटतं का. ही स्टँडर्ड्स पूर्ण पाळलीत तर कायद्याने बाहेरच्या लॅबचं सर्टिफिकेट सक्तीचं नाही, तुम्ही स्वतः जबाबदारी घेऊन डिक्लेरेशन देऊ शकता. पण टेस्ट न करता नुसतं कागदावर सही ठोकायची नाही हं, त्या सहीचा अर्थ 'मी तपासलंय' असा आहे आणि शेवटी ते कुणाच्या तरी लेकराच्या तोंडात जाणार आहे. किमान रंगाची तिसऱ्या भागाची टेस्ट चांगल्या लॅबमधून करा. एकच रंग, एकच पॉलिश सगळ्या डिझाइनना वापरलंत तर टेस्टचा खर्च वाटला जातो. आम्ही सात शेड्सवरून तीनवर आलो ते याच कारणाने.

अमेरिकेचा रस्ता वेगळा आहे. तिथे १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांची वस्तू असेल तर मान्यताप्राप्त लॅबची टेस्ट आणि चिल्ड्रन्स प्रॉडक्ट सर्टिफिकेट लागतं, युरोपचे कागद चालत नाहीत. रंग न लावलेल्या नैसर्गिक लाकडाला मात्र तिथे शिशाच्या टेस्टमधून सूट आहे. म्हणजे बघा, तुमचंच साधं पॉलिश न केलेलं मॉडेल एका देशात सगळ्यात सोपं ठरू शकतं. म्हणून 'बारा देशांचं पॅकेज' हा शब्द ऐकला की मला रागच येतो, प्रत्येक देशात ही फाइल नव्याने बनते.

युरोपात अजून एक, १३ डिसेंबर २०२४ पासून जनरल प्रॉडक्ट सेफ्टी रेग्युलेशन लागू झालंय, त्यामुळे खेळणं नसलेल्या वस्तूला पण, म्हणजे तुमच्या ऑर्गनायझरला, युरोपियन युनियनमधली जबाबदार व्यक्ती किंवा कंपनी लागते आणि तिचं नाव पत्ता वस्तूवर किंवा पॅकिंगवर छापावा लागतो. तुमचा जर्मन दुकानदार स्वतः आयात करतोय तर आयातदार म्हणून तोच ती जागा घेतो. म्हणजे डीडीपी नको म्हणायला तुम्हाला हे दुसरं कारण मिळालं. जर्मनीत पॅकेजिंगसाठी लुसिड नावाचं रजिस्टर पण आहे, तिथे नाव नोंदवल्याशिवाय पॅक केलेला माल बाजारात आणता येत नाही. तुमच्या बाबतीत तोही बहुतेक आयातदाराचा भाग, पण करारात एका ओळीत लिहून घ्या की हे कोण करणार.

माहिती कुठे बघायची विचारलंत ना. युरोपियन कमिशनचं ॲक्सेसटूमार्केट्स पोर्टल फुकट आहे. माल कुठून जाणार, कुठे जाणार आणि कोड टाकला की ड्युटी, व्हॅट, लागणारे नियम समोर येतात. तिथेच रोजा नावाचं टूल आहे, तुमची वस्तू सवलतीच्या ड्युटीला पात्र आहे का ते प्रश्न विचारत विचारत सांगतं. मी नवीन माणसाला आधी तिथे बसवते.

दुसरं ईपिंग. डब्ल्यूटीओचे (जागतिक व्यापार संघटनेचे) सदस्य देश वस्तूंचे नवीन नियम करताना आधी कळवतात, ते नोटीस ईपिंगवर येतात आणि तुमचा कोड आणि देश निवडून ठेवलात तर ईमेल येतो. हेही फुकट. नियम लागू व्हायच्या आधी कळलं तर स्टॉक पडून राहत नाही. शिवाय प्रत्येक सदस्य देशाला तांत्रिक नियमांसाठी एक चौकशी केंद्र ठेवावंच लागतं, त्यांना मेल करून विचारता येतं. मी दोनदा विचारलंय, दोन्ही वेळा नीट उत्तर आलं.

पहिली_ऑर्डर:

पैशाबद्दल मी लिहितो कारण तिथे मला फटका बसलाय. दुसऱ्याच ऑर्डरला खरेदीदाराचा मेल आला की आमचा बँक अकाउंट बदललाय, रिफंड या नव्या अकाउंटला पाठवा, मी पाठवला. मेल त्याचा नव्हताच, कुणीतरी त्याचा मेलबॉक्स फोडला होता. तेव्हापासून आमचा नियम, अकाउंट बदलल्याचा मेल आला की आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आणि उलटं पण, तुमच्या नावाने तुमच्या खरेदीदाराला असा मेल जाऊ शकतो, म्हणून पहिल्याच इनव्हॉइसवर ठळक लिहून टाका की आमचा अकाउंट मेलवरून कधीच बदलणार नाही.

एवढ्या छोट्या ऑर्डरला लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे द्यायची हमी, नको. एलसी चांगली गोष्ट आहे पण ती कागदांवर चालते, मालावर नाही. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँक फक्त कागदपत्रं तपासते, त्याला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस, आणि स्पेलिंग किंवा तारीख चुकली तर 'डिस्क्रेपन्सी' म्हणून पैसे अडतात, वर दोन्ही बँकांची फी. छोट्या ऑर्डरीत नफा फीमध्येच जातो. पहिल्या ऑर्डरला पूर्ण ॲडव्हान्स मागा, नाही म्हणाला तर अर्धे आधी अर्धे माल निघायच्या आधी. तो छोटा दुकानदार आहे, त्यालाही तुमच्यावर भरवसा बसायला हवा, म्हणून सॅम्पल पाठवा, वर्कशॉपचा व्हिडिओ कॉल करा.

बँकेचे चार्जेस कोण भरणार हे इनव्हॉइसवर लिहा. ओयूआर म्हणजे सगळे चार्जेस पाठवणाऱ्याचे, एसएचए म्हणजे वाटून, बीईएन म्हणजे घेणाऱ्याचे. लिहिलं नाही तर मधल्या बँका कापून घेतात आणि रक्कम कमी येते, मग त्या फरकासाठी खरेदीदाराला मेल टाकायची पण लाज वाटते. वाइज, पेओनिअर, पेपल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवांचे रेट आणि चार्जेस बँकेशी ताडून बघा, फक्त तुमच्या देशात निर्यातीचा पैसा त्या मार्गाने आला तर नियमात बसतो का आणि पुरावा मिळतो का ते आधी बँकेला विचारा.

पुढे उधारीवर माल द्यायची वेळ आली तर एक्सपोर्ट क्रेडिट इन्शुरन्स बघा. बहुतेक देशांत सरकारी किंवा सरकारच्या पाठबळाची एक संस्था हे देते, खरेदीदाराने बुडवलं तर पूर्ण नाही पण मोठा भाग परत मिळतो. अजून फायदा असा की त्या संस्थेला एखाद्या खरेदीदाराचं कव्हर मागितलं आणि त्यांनी नकार दिला तर तीच मोठी माहिती झाली.

लाकडी_कोडी:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खरंच आभार. कन्सल्टंटला नको म्हणून सांगितलं. आमची लहान मुलांची कोडी २४ आणि ४८ तुकड्यांची आहेत म्हणजे ती खेळणीच, पण मोठ्यांसाठीची ६०० तुकड्यांची पण बनवतो आणि गंमत म्हणजे जर्मन माणसाने मागितलेल्या दोन डिझाइनपैकी एक तीच आहे!

काल रात्री ट्रेड मॅपवर (देशोदेशीच्या आयात निर्यातीचे आकडे देणारी साइट) नोंदणी करून ९५०३ टाकून बघितलं, जर्मनी किती आयात करतं ते दिसलं पण आकडा प्रचंड मोठा, त्यावरून आमच्यासाठी काही अर्थ लागेना. आणि भाऊ आता म्हणतो की दुकानदार कशाला, आपणच ऑनलाइन मार्केटप्लेसवर टाकू आणि थेट ग्राहकाला पाठवू, मार्जिन सगळं आपलं. यावर काय मत?

कागदपत्र_ताई:

आकडा मोठा दिसतो कारण ९५०३ मध्ये सहा आकड्यांपर्यंत एकच खाना आहे, ९५०३००, त्यात तीनचाकी सायकलपासून बाहुल्यांपर्यंत सगळं कोंबलंय. लाकडी कोड्यांसाठी युरोपचा आठ आकडी कोड ९५०३००६१ आहे, तो युरोस्टॅटच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या आकडेवारी खात्याच्या, कॉमेक्स्ट डेटाबेसमध्ये टाका, फुकट आहे. कुठल्या देशातून किती माल आला आणि किती वजनाचा ते दिसेल. किमतीला वजनाने भागलं की किलोमागे रेट निघतो. एखाद्या देशाचा रेट बाकीच्यांच्या दुप्पट तिप्पट असेल तर समजायचं तिथून महागातला, डिझाइनचा माल येतोय आणि त्याला तिकडे गिऱ्हाईक आहे. तुमची स्पर्धा त्यांच्याशी आहे, सगळ्यात स्वस्त पाठवणाऱ्याशी नाही, त्याच्याशी भिडायला जाऊच नका.

कंटेनरवाला:

भावाला दुखवायचं नाही पण थेट ग्राहकाला पाठवणं मला आत्ता पटत नाही. पाच वर्षांपूर्वी मी वेगळं सांगितलं असतं. जुलै २०२१ मध्ये युरोपने २२ युरोपर्यंतची व्हॅट माफी काढून टाकली, आता पहिल्या युरोपासून व्हॅट आहे. १५० युरोपर्यंतच्या पार्सलसाठी आयओएसएस म्हणून सोय आहे, चेकआउटलाच व्हॅट घ्यायचा आणि महिन्याला एक रिटर्न भरायचं, पण युरोपबाहेरच्या बहुतेक विक्रेत्यांना त्यासाठी तिकडचा मध्यस्थ नेमावा लागतो. मार्केटप्लेसवरून विकलंत तर हा व्हॅट बहुतेक वेळा मार्केटप्लेसच भरतं, तेवढं सोपं. अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्युटी माफी २९ ऑगस्ट २०२५ ला सगळ्या देशांसाठी बंद झाली. एकेक कोडं पार्सलने पाठवून धंदा उभा करायचं जे गणित होतं ते सगळीकडेच बिघडलंय. वर परत आलेला माल, तो परत आणायचा खर्च कोड्याच्या किमतीपेक्षा जास्त.

मायदेशी_नाही_परदेशी:

मी थोडी असहमत. आम्ही मार्केटप्लेसवरूनच सुरू केलं आणि त्याचा एक फायदा कुणी सांगत नाही, ग्राहकाचे रिव्ह्यू. कुठलं डिझाइन कुठल्या देशात चालतं, पॅकिंग कुठे फाटतं, सूचनापत्रकात काय समजलं नाही, हे दुकानदार कधीच सांगत नाही, तो फक्त पुढची ऑर्डर देत नाही. आम्हाला वीस पार्सलांत जे कळलं ते कुठल्याही रिपोर्टमध्ये मिळालं नसतं. पण कंटेनरवाले म्हणतात तेही खरं, त्यावर पोट चालणार नाही. म्हणून मी म्हणेन शिकण्यासाठी थोडंसं करा, लहान मुलांची कोडी सोडून फक्त ६०० तुकड्यांचं टाका, कमाई दुकानदाराकडून करा. आणि मार्केटप्लेसवर जबाबदार व्यक्तीचा पत्ता मागतात, त्याची सोय आधी.

किंमत ठरवताना उलटीकडून या. तिकडच्या दुकानात तशाच वस्तूची शेल्फवरची किंमत बघा, त्यातून व्हॅट काढा, दुकानाचं मार्जिन काढा, मधे वितरक असेल तर त्याचं काढा, ड्युटी आणि भाडं काढा, जे उरेल त्यात तुमचा खर्च आणि नफा बसतो का? आम्ही आधी आपल्या खर्चावर वीस टक्के चढवून रेट देत होतो आणि विनाकारण स्वस्तात विकत होतो.

ब्रँडबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आधी विपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये तुमचं नाव शोधा, फुकट आहे, दहा मिनिटांचं काम. जर्मनीत ते नाव आधीच कुणाचं असलं तर माल पोचल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळू दे. स्वतःच्या देशात ट्रेडमार्कचा अर्ज केला की पॅरिस कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय करारामुळे सहा महिन्यांत बाहेर अर्ज केलात तर तारीख पहिलीच धरली जाते, मधल्या काळात कुणी घुसला तरी तुम्ही पुढे. बाहेरच्या अर्जासाठी माद्रिद सिस्टिम आहे, एकाच अर्जात १३० वर देशांपैकी हवे ते निवडायचे. काळ्या पांढऱ्या चिन्हाची मूळ फी ६५३ स्विस फ्रँक आणि रंगीत असेल तर ९०३, त्यावर निवडलेल्या देशांची वेगळी. म्हणून रंगीत लोगो असला तरी आधी साधं नाव काळ्या पांढऱ्यात टाका. एक धोका लक्षात ठेवा, पहिली पाच वर्षं हे सगळं तुमच्या मूळ अर्जावर टांगलेलं असतं, तो रद्द झाला तर बाहेरचं पण जातं. बरेच देश जो आधी अर्ज करेल त्याचं नाव धरतात, चीन त्यातला, त्यामुळे माल तिथे बनवून घ्यायचा विचार जरी असला तरी आधी अर्ज.

डिझाइन_रिमोट:

मी माल नाही, सेवा विकतो, ग्राफिक डिझाइन, पण कुणी सेवावाला हा धागा वाचत असेल तर त्याच्यासाठी थोडंसं. आमच्यात कस्टम नाही पण टॅक्स आहे. अमेरिकन क्लायंट असला तर कंपनी म्हणून डब्ल्यू-८बेन-ई फॉर्म मागतात, तो भरून द्या नाहीतर काही प्रकारच्या पेमेंटवर तिथे टॅक्स कापला जाऊ शकतो. युरोपातल्या कंपनीला सेवा दिली तर व्हॅट बहुतेक वेळा तीच कंपनी तिच्या देशात भरते, इनव्हॉइसवर रिव्हर्स चार्ज लिहायचं आणि त्यांचा व्हॅट नंबर घ्यायचा, तो खरा आहे का ते व्हीआयईएसच्या साइटवर फुकट तपासता येतं. हे शेवटचं मालवाल्यांना पण उपयोगी, तुमचा जर्मन दुकानदार खरा आहे का ते त्याच्या व्हॅट नंबरवरून बघा.

पहिली_ऑर्डर:

हे व्हीआयईएसचं मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

उपयोगी ठिकाणं विचारली होती त्यात अजून दोन तीन. जिनिव्हाचं इंटरनॅशनल ट्रेड सेंटर, ट्रेड मॅप त्यांचंच, १९६४ पासूनची संस्था, संयुक्त राष्ट्रं आणि डब्ल्यूटीओ दोघांची मिळून, आणि तिचं कामच छोट्या धंद्यांना निर्यातीत मदत करणं. त्यांच्या एसएमई ट्रेड अकॅडमीवर ऑनलाइन फुकट कोर्स आहेत, माझ्या बायकोने पॅकेजिंगचा आणि करारांचा केला आणि पहिला करार तिनेच लिहिला. बायकांच्या मालकीचा धंदा असेल तर त्यांचा शीट्रेड्स उपक्रम बघा, तिथे खरेदीदारांशी गाठी घालून देतात.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्था पण खरेदी करतात, शाळांसाठीचं सामान, फर्निचर, खेळ, सगळं. त्यांचं यूएनजीएम पोर्टल आहे, तिथे पुरवठादार म्हणून नोंदणी फुकट. कुणी संयुक्त राष्ट्रांचं टेंडर मिळवून देतो म्हणून फी मागितली तर ती फसवणूक समजा, ते कुठल्याच टप्प्यावर पैसे घेत नाहीत. टेंडर लगेच मिळेल असं नाही, पण शैक्षणिक कोडी बनवणाऱ्याने तिथे नाव घालून ठेवायला काहीच हरकत नाही.

प्रदर्शनाचं म्हणाल तर खेळण्यांचं न्यूरेंबर्गचं श्पीलवारेनमेसे आणि घरगुती वस्तू, स्टेशनरीचं फ्रँकफर्टचं अँबिएंटे, दोन्ही जर्मनीतच आणि दोन्ही साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत. पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका, नुसतं बघायला जा, त्या दुकानदाराला तिथेच भेटा. स्टॉल घ्याल तेव्हा एटीए कार्नेट काढा, सॅम्पल ड्युटी न भरता नेऊन परत आणता येतात, वर्षभर चालतं, ८० च्या आसपास देश मानतात. मात्र कार्नेटवर नेलेलं तिथे विकायचं नाही, विकलं तर ड्युटी भरावी लागते. तुमच्या चेंबर ऑफ कॉमर्सला विचारा, बहुतेक ठिकाणी तेच देतात.

लाकडी_कोडी:

अपडेट देतो. व्हॅट नंबर तपासला, खरा निघाला, पत्तापण जुळला. त्याला एफसीएचं कोटेशन पाठवलं, कारण सांगितलं की तू स्वतः आयात केलीस तर व्हॅट तुला वळता करता येतो, तर त्याचं लगेच उत्तर आलं, म्हणाला बरं झालं सांगितलंत, आधीच्या सप्लायरने हे कधी सांगितलं नव्हतं. लहान मुलांची कोडी आत्ता थांबवली, ईएन ७१ च्या तिसऱ्या भागासाठी दोन लॅबकडून कोटेशन मागवलंय, तोपर्यंत त्याने दोन्ही डिझाइन ६०० तुकड्यांची घ्यायचं कबूल केलं. अर्धे पैसे आधी, अर्धे माल निघायच्या आधी. भाऊ पण तयार झाला, फक्त मार्केटप्लेसवर दहा नग टाकायचे हे त्याने वदवून घेतलंय, जबाबदार व्यक्तीची सोय झाली की टाकणार.

एक शेवटचं विचारतो. ६०० तुकड्यांच्या कोड्याच्या खोक्यावर वयाचं काय छापायचं? '१४ वर्षांवरील' एवढं छापलं की झालं का?

कागदपत्र_ताई:

नाही, नुसतं छापून सुटका होत नाही. चित्र लहान मुलांचं, कार्टूनचं असेल आणि खोक्यावर १४ लिहिलं असेल तर तपासणारा ते मानत नाही, तो वस्तू कुणासाठी दिसते ते बघतो. तुकड्यांची संख्या ठळक छापा, चित्र मोठ्यांना आवडेल असं ठेवा, आणि हे खेळणं नाही असं तुम्ही का ठरवलंत ते एका पानावर लिहून तारीख घालून फाइलला लावा. दोन्ही डिझाइनचे फोटो इथे टाका, बघून सांगते.